कप्तानाची थोरली

मला ज्यांचा हेवा वाटला अशा माणसांची एक यादी मी मनाशी करून ठेवली आहे. यादी करणं हा माझा स्वभावच आहे. बाजाराला निघताना, गावाला निघताना, आजारी पडतानासुद्धा मी आधी यादी करतो आणि मग अंथरूण धरतो. हेव्याच्या यादीत सुरुवातीला बरीच नावं होती. वाईच्या शाळेत माझ्या पुढचा नंबर पटकावणारा एक जण होता. तो वकील झाला आणि त्याला पोटाचा विकार जडला, तेव्हा त्याचं नाव मी खोडलं. एका चुलतभावाला गाता गळा होता. गळा गेला, नाव गेलं. असं खोडत खोडत पन्नाशीला आलो तेव्हा यादीत एकच माणूस उरला. तो वारला त्यालाही आता बराच काळ झाला, पण त्याचं नाव काही खोडता येत नाही. उलट वारल्यापासून ते जास्तच ठळक झालं आहे.

त्याला सगळा घाट कप्तान म्हणायचा. तो कुठल्याच पलटणीत कप्तान नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो इराकात बसऱ्याला सरकारी होड्यांवर खलाशी होता आणि तिथून तो तीन गोष्टी घेऊन परत आला : एक खाकी कोट, एक चामडी पट्टा आणि एक पितळी शिट्टी. धोतरावर खाकी कोट, कोटावर पट्टा, डोक्याला फेटा आणि पाय अनवाणी, अशा वेशात तो नावेच्या टोकाला उभा राहायचा. कोटाची बटणं गेली होती, तिथं बाभळीचे काटे टोचलेले असत. एकच बटण शाबूत होतं आणि ते तो रोज राखेनं घासायचा. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तो सलाम करी. पाटलाला करी, पोस्टमनला करी, पाण्यावर आलेल्या म्हशीलाही करी. मी एकदा विचारलं, "म्हशीला कशाला?" तर म्हणाला, "वळखीची हाय."

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेच्या एका वळणावर माझ्या नोकरीचं ते गाव. सांगलीचा पूल आम्हाला लांब पडे. पलीकडे स्टेशन, बाजाराचा रस्ता आणि डॉक्टर. अलीकडे ऊस, हळद आणि आम्ही. मधे नाव. नाव चालवायला गावानं सोसायटी काढली होती आणि मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्याआधी इंजिनांच्या एका कारखान्यात उमेदवारी केली होती, त्यामुळे हाताला यंत्राची सवय होती. नावेचा मक्ता दरसाल लोकल बोर्डाकडून घ्यायचा, उतारूंची व्यवस्था पाहायची, हिशेब ठेवायचा, ही माझी कामं. नाव वल्हवायचं काम कप्तानाचं. कागदावर तो माझ्या हाताखाली होता. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घाटावर कुणाला ते माहीत होतं असं मला कधी जाणवलं नाही.

नाव सुटताना तो शिट्टी फुंके. पोटुशी बाई नावेत असली की शिट्टी दोनदा. लग्न होऊन साताऱ्याहून नुकतीच आलेली माझी बायको पहिल्यांदा नावेत बसली तेव्हा शेजारी एक पोटुशी होती. दोन शिट्ट्या ऐकून माझ्या बायकोनं त्याला विचारलं, "दुसरी शिट्टी कुणासाठी हो?"

"येनाऱ्यासाठी, वैनी. त्यालाबी कळाय पायजे की, आपून कुठनं निघालोय."

बायको दिवसभर हे आठवून हसत होती. मी तिला लग्नानंतर बरंच काही सांगितलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिनं असं घोळवलेलं मला आठवत नाही.

नावेचा तोल हा माझ्या काळजीचा विषय. मी नावेच्या फळ्यांवर चुन्यानं खुणा केल्या होत्या : इथं पोती, इथं बायका, इथं जनावर. कप्तान त्या खुणांना हात जोडी आणि माणसं आपल्या हिशेबानं बसवी. त्याचा हिशेब असा, की ज्यांचं एकमेकांशी वाकडं त्यांना समोरासमोरच्या टोकांना बसवायचं. कुणाचं कुणाशी बांधावरून भांडण चालू आहे, कोणती जाऊ कोणत्या जावेशी बोलत नाही, हे त्याला तोंडपाठ. "भांडल्यालं मानूस जड असतंय, शेकट्री," तो मला सांगे. "दोन बी एका अंगाला बशीवली तर नाव कलंडंल." नाव कलंडली नाही कधी. माझ्या खुणांप्रमाणे बसवलं त्या दिवशी मात्र ती एका अंगाला झुकली, कारण सगळे उतारू बसऱ्याच्या गोष्टी ऐकायला त्याच्या बाजूला सरकले.

बसऱ्याच्या गोष्टींना अंत नव्हता. बसऱ्याचे डास चिमणीएवढे. बसऱ्याची नदी एवढी रुंद, की या काठाला सकाळ झालेली पलीकडे दुपारी कळते. कुणी घाई केली तर एकच उत्तर : "घाई आसंल त्यानं पवत जावं."

नावेला मोटार बसवायची ही कल्पना माझी. हेही लिहून ठेवतो. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघत होतं. पुण्याच्या लिलावात मला ती दिसली : हिरव्या रंगाची, माणसाच्या कमरेएवढी, डोक्यावर पेट्रोलची टाकी, मधे लांब पाय आणि पायाशी पाणी कापणारा पितळी पंखा. नावेच्या मागच्या फळीला ती अडकवायची, चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा आणि सुरू करायची. लिलावात ती मी पारखली. पोत्यात बांधून, रेल्वेत मांडीशी धरून मी ती आणली. लोणंदला गाडी थांबली तेव्हा चहालासुद्धा उतरलो नाही, कुणी पळवील म्हणून. सोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्द शोधून शोधून मी वाचलं. पेट्रोलच्या कूपनांसाठी कचेरीच्या पायऱ्या मी झिजवल्या. आणि घाटावर ती पहिल्यांदा फुरफुरली त्या संध्याकाळपासून तिचं नाव काय पडलं? कप्तानाचं इंजन.

तो स्वतः तिला 'थोरली' म्हणे. माझ्या बायकोनं विचारलं, "मग धाकटी कोण?"

"धाकटी घरात हाय. भाकऱ्या थापती."

त्याची बायको घाटावर आली की त्या मोटारीकडे तिरप्या नजरेनं बघायची. "रातीला हिच्यावर घोंगडं घालत्यात," मला एकदा म्हणाली, "आन मला म्हंत्यात, तू चुलीम्होरं नीज." हेवा करणारे त्या घाटावर आम्ही दोघंच होतो. फरक इतकाच की ती तोंडावर बोलून मोकळी व्हायची.

थोरलीची रोज पूजा होई. आधी नदीच्या पाण्यानं आंघोळ. मग टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट. मग गळ्यात हार. हा हार माझ्या घरून यायचा. आमच्या परसात झेंडू आणि अबोली होती. कप्तान पहाटे कुंपणाशी येऊन हाक मारी, "वैनी, थोरली वाट बगती!" आणि माझी बायको लगबगीनं हार नेऊन देई. नेहमीचा दोरा तुटतो अशी त्यानं तक्रार केली, तेव्हा तिनं वाकळ शिवायचा तांबडा दणकट दोरा काढला. माझ्या गळ्यात हार एकदाच पडला, लग्नात, आणि तोही सुतळीवर ओवलेला होता. आदल्या दिवशीचा हार नदीच्या मध्यावर कृष्णाबाईला वाहायचा, हाही नेम. कप्तान उभ्या जागेवरून, पंख्याच्या अगदी शेजारी, तो अलगद सोडी. त्याचं बघून बायकाही आपापल्या देव्हाऱ्यातलं निर्माल्य तिथंच सोडू लागल्या. पाण्यावर फुलं पसरत जायची. दिसायला सुरेख होतं. सुरेख नव्हतं असं मी म्हणत नाही.

पहिला उन्हाळा नीट गेला. दिवाळीनंतर थोरलीला खोकला लागला.

खोकला म्हणजे काय ते सांगतो. काठापासून ती झोकात निघे. नदीच्या मध्याच्या थोडं पुढे गेली की अडखळू लागे, दम लागल्यासारखी फडफडे आणि बंद पडे. नाव धारेला लागे, बायका देवाचं नाव घेऊ लागत. मग कप्तान शांतपणे टाकीचं झाकण उघडी, वाकून तोंड टाकीशी नेई आणि आत काहीतरी बोले. झाकण लावी, दोरीला हिसका देई आणि थोरली सुरू! उतारू हात जोडत. "काय बोलता हो आत?" मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं. तो लाजल्यासारखा हसला आणि म्हणाला, "घरचं बोलनं हाय, शेकट्री."

दुसरं लक्षण पाण्यावर दिसे. नाव पुढे गेली की मागे पाण्यावर तेलाचा तवंग उठे, उन्हात सात रंगांत चमके. यंत्राच्या पायाशी, पंख्याला फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीत दाट तेल भरलेलं असतं. ते गळत होतं. मला त्या तवंगात गळती दिसत होती. बायका मात्र त्या तवंगाला नमस्कार करत होत्या. "कृष्णाबाईनं शालू नेसलाय," कप्तानानं सांगितलं होतं, आणि पलीकडच्या गावातून तो शालू बघायला माणसं येऊ लागली.

मी कामाला लागलो. या मोटारीत पेट्रोलमध्येच थोडं तेल मिसळावं लागतं. कप्तान मापानं मिसळून वर आणखी एक धार सोडी, बाळंतिणीच्या वाटीत तूप सोडावं तशी. त्यानं धूर फार होई आणि प्लग काळा पडे. मी प्लग घासला, तेलाचं माप ठरवून दिलं आणि ती वरची धार बंद केली. धूर कमी झाला. आता खोकला जाणार, असं मी चार लोकांत बोलून बसलो. दुसऱ्या दिवशी थोरली नेमकी त्याच जागी बंद पडली. कप्तानानं झाकण उघडलं, या वेळी जरा जास्त वेळ बोलला, आणि ती सुरू झाली. काठावर उतरल्यावर एक म्हातारा मला म्हणाला, "आवं शेकट्री, पोरीच्या तोंडचं तेल काडलंसा. रुसायची न्हाई तर काय?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "ते बोलतात आणि ती ऐकते, एवढं खरं आहे ना? मग तुम्हीपण बोलून बघा."

"काय बोलू?"

"ते आता मी कसं सांगू? तुमची सवय नाही."

अशातच सोसायटीचे चेअरमन माझ्याकडे आले. हळदीचे जैन व्यापारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. बोलताना ते आवाज चढवत नसत, म्हणून त्यांची भीती वाटे. नाव मधेच बंद पडते अशी तक्रार कुणीतरी लोकल बोर्डाकडे केली होती. बोर्डाचा साहेब स्वतः येऊन नावेत बसणार होता. न थांबता पलीकडे जाऊन परत आली तर मक्ता आमच्याकडे. थांबली तर मक्ता खालच्या गावच्या ठेकेदाराला.

"आणि मोटार?" मी विचारलं.

"विकायची की मग. काय करायचं ठेवून? भिंतीला लावायची?" अण्णा म्हणाले. "तुमच्या शब्दावर आणली होती, सेक्रेटरी. एवढं ध्यानात असू दे, म्हंजे झालं."

मोटार गेली तर माझी नोकरीही गेली, हे त्यांनी बोलायची गरज नव्हती. वाईला परत जायचं आणि भावांच्या पंगतीत मान खाली घालून बसायचं, हे मला समोर दिसत होतं. कप्तानाला हे कळलं. थोरलीवरचं घोंगडं त्यानं नीट केलं, एवढंच.

साहेब यायच्या आदल्या सकाळी मी थोरलीला नावेवरून उतरवून घाटाच्या पायरीवर आडवी घेतली. बघायला अर्धं गाव जमलं. कप्तान उशाशी बसला, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा बसतो तसा. मी ठरवलं होतं, वरून सुरुवात करून खालपर्यंत एकही जागा सोडायची नाही. प्लग बघितला, ठीक. पेट्रोलची नळी फुंकली, मोकळी. पेट्रोल फडक्यातून गाळलं, स्वच्छ. कार्बुरेटर उघडून धुतला. काही नाही. खालच्या पेटीचा स्क्रू काढला, तर आतून काळ्या तेलाऐवजी दाट पांढरं काहीतरी आलं.

"दूध!" एक बाई ओरडली. दोघींनी पदर पुढे केले.

"दूध नव्हे," मी म्हणालो. "तेलात पाणी शिरलंय. तेल बाहेर गेलं, पाणी आत आलं."

मग मी पंख्याची खीळ ठोकून काढली आणि पंखा ओढून घेतला. त्याच्या मागे, फिरत्या दांड्याभोवती, लाखेच्या बांगडीसारखं एक तांबडं कडं घट्ट बसलं होतं. चाकूनं कापून मी ते उकललं. दोरा होता. वाकळ शिवायचा दोरा. रोज मध्यावर सोडलेला हार पंख्यानं ओढून घेतला होता, फुलं नदीला गेली होती आणि दोरा दांड्याला गुंडाळत आत आत सरकला होता. तिथं तेल अडवायला चामड्याची एक चकती असते. दोऱ्यानं ती करवतीसारखी कापून टाकली होती.

अर्धं काम झालं होतं. मी परत वर आलो, टाकीचं झाकण हातात घेतलं. झाकणावर शेंदराचा थर बोटभर चढला होता, वेशीवरच्या मारुतीवर असतो तसा. त्या पुस्तकात झाकणाचं चित्र होतं आणि चित्रात मधोमध एक बारीक भोक होतं. मी चाकूच्या टोकानं शेंदूर खरवडला. खाली ते भोक होतं, गच्च बुजलेलं.

रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल जरा वेळ येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं, आत वारा शिरला, की धार लागते. हे घरोघर माहीत आहे. टाकीचंही तसंच. आत वारा जायला जागा नाही, म्हणून नदीच्या मध्यापर्यंत पेट्रोल उतरायचं आणि मग अडायचं. कप्तान बोलायला म्हणून झाकण उघडी, वारा आत जाई आणि मोटार सुरू होई. तो आत 'शुंभ' म्हणाला असता तरी ती सुरू झाली असती.

मी उभा राहिलो. एका हातात दोरा, एका हातात झाकण. असा क्षण मला पुन्हा मिळाला नाही, म्हणून मी तो घाईत उरकला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, रॉकेलच्या डब्यासकट, मी सगळं समजावून सांगितलं. हार कुणी सोडला, शेंदूर कुणी लावला, ते नाव घेऊन सांगितलं. बायको गर्दीत होती. तिनं दोरा ओळखला आणि पदर तोंडाला लावला.

कप्तान उठला. माझ्या हातातलं ते तांबडं कडं त्यानं घेतलं, तळहातावर ठेवून बघितलं.

"म्हंजे मीच हिचा गळा कापला व्हय?" तो म्हणाला. "आन वर शेंदूर फासून नाकबी दाबलं?"

मी म्हणालो, "तसंच झालं."

तो वळला, फेटा काढून काखेत धरला आणि गर्दीला म्हणाला, "ऐका रं समदी! मी म्हनत हुतो, थोरली माजं ऐकती. ती ऐकत नव्हती. ती गुदमरत हुती. शेकट्रीनी वळखलं. मला न्हाई वळखू आलं." मग टाचा जुळवून त्यानं मला सलाम ठोकला. म्हशीला करतो तसा नव्हे, लष्करी, कडक.

मी मान लववली आणि लोकांकडे बघितलं. लोक त्याच्याकडे बघत होते. पोरीच्या तोंडचं तेल काढलंत, असं मला म्हणणारा तो म्हातारा डोळे पुसत होता. "मन बगा गड्यानं केवडं!" तो शेजारच्याला म्हणाला. "चारचौघांत चूक पदरात घ्याया छाती लागती." अण्णा माझ्या कानाशी आले. "लय मोठा माणूस की हो," ते म्हणाले. कोण, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. हात तेलानं माखले होते, ते पुसायला कुणी फडकंसुद्धा दिलं नाही.

अजून चकती करायची होती. तशी चकती पुण्याहून आणायला वेळ नव्हता. चामडं हवं होतं, जाड, सारखं, मुरलेलं. "मोटेचं चालंल का?" "चपलेचं घ्या," अशी चर्चा चालली असताना कप्तानानं कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्यापुढे धरला. बसऱ्याचा पट्टा. त्याला तो कुणाला बोट लावू देत नसे.

"कापा," तो म्हणाला.

"कप्तान, नीट विचार करा."

"इचार काय करायचा त्यात? धोतराला गाट मारतो की."

कंपासनं मी त्यावर वर्तुळ आखलं, धार लावलेल्या चाकूनं चकती कापली, मधलं भोक केसाएवढंही इकडे-तिकडे न होता पाडलं, चरबीत भिजवून बसवली, नवं तेल भरलं. अशी चकती हातानं कापणं सोपं काम नाही. ते कसं कापलं हे त्या गावात आजवर मला कुणी विचारलेलं नाही. कप्तानानं पट्टा दिला, हे मात्र पोराबाळांना पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. त्याच्यासाठी नावेत खुर्ची ठेवली होती. कप्तानानं धोतराला गाठ मारली होती, बटण घासलं होतं. थोरलीच्या गळ्यात हार नव्हता. शिट्टी झाली आणि आम्ही निघालो. मी टाकीशेजारी बसलो होतो, नवी चकती गळते का ते पाहायला मागच्या पाण्यावर नजर लावून. पाणी नुसतं पाण्यासारखं होतं.

नदीचा मध्य आला. खोकल्याची जागा जवळ आली तसा नावेतला प्रत्येक माणूस गप्प झाला. साहेबाला काही कळेना, तोही गप्प झाला. आणि सवयीनं कप्तानाचा हात झाकणाकडे गेला. बोटं झाकणाला लागली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली : नको. त्यानं हात मागे घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. थोरली एका सुरात फुरफुरत ती जागा ओलांडून गेली.

पलीकडे उतरल्यावर साहेब अण्णांशी बोलत होता, तेव्हा कप्तान माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "झ्याक चालली, शेकट्री. पर आज तिच्यासंगं बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

माझ्याकडे त्यावर चकती नव्हती.

परतताना त्यानं आणखी एक केलं. सगळ्यांसमोर दोरी माझ्या हातात दिली. "आज दोरी तुमी वडा. सुकानूबी तुमीच धरा. इंजन तुमचं हाय." मी हिसका दिला. पहिल्याच हिसक्याला सुरू. अलीकडच्या काठापर्यंत नाव मी आणली, खुणेच्या दगडाला बरोबर टेकवली. साहेबानं मक्ता आमच्याकडे ठेवायचं तिथंच कबूल केलं. माझी नोकरी राहिली, मोटार राहिली. काठावर आरडाओरडा झाला, गूळ वाटला गेला. मी नावेतून खाली पाय टाकतोय तोच एक बाई दुसरीला सांगताना ऐकू आली, "बग की, कप्तानानं शेकट्रीलाबी नाव शिकवली!"

घरी गेल्यावर बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बोलू दे हो. दोरा तुम्हीच शोधलात." आणि थोड्या वेळानं, भाकरी परतता परतता : "पण पट्टा कापायला दिला बाई त्यांनी."

त्या दिवसापासून घाटावर नवा नेम सुरू झाला. निर्माल्य नदीत सोडायचं तर आधी काठावर बसून फुलं सुटी करायची. फुलं नदीला, दोरा काठावरच्या बाभळीला. हा नेम कप्तानानं घातला आणि उतारूंना चढू देण्याआधी तो स्वतः तपासायचा. थोरलीला शेंदूर टाकीऐवजी पायावर लागू लागला. आणि सकाळी नाव सुटण्याआधी, काठावरच, झाकण उघडून तो वाकून बोलायचा. मध्यावर बोलायचं राहतं, म्हणून आधीच उरकून घ्यायचा. मी त्याला कधी अडवलं नाही. पेट्रोल आहे का तेही त्या निमित्तानं बघितलं जायचं.

पुढे मी ती नोकरी सोडून साताऱ्याला आलो. नदीवर पूल झाला, नाव बंद पडली, कप्तान गेला. थोरलीचं काय झालं, कळलं नाही.

मागच्या वर्षी कामानिमित्त त्या बाजूला जाणं झालं. कामं उरकली, गाडीला वेळ होता, म्हणून जुन्या घाटावर गेलो. धक्क्याच्या पायऱ्या गाळात गेल्या आहेत. बाभूळ आहे. बुंध्यापासून हात पोचेल तिथवर ती दोऱ्यांनी भरली आहे, पांढऱ्या, तांबड्या, पिवळ्या. ऊनपावसानं विटलेल्यांवर नवे. एक तरुण बाई खाली बसून हारातली फुलं सुटी करत होती.

"हे दोरे कसले, बाई?" मी विचारलं.

"कप्तानाचे," ती म्हणाली. "तुमी लांबचं दिसतासा. हितं पूर्वी एक कप्तान हुते. तेंच्या सपनात कृष्णाबाई आली आन म्हनली, माज्या गळ्याला दोरा रुततुया रं. तवापस्नं हितं कुनी दोरा सोडत न्हाई. झाडाला बांदायचा. मागितलं ते मिळतंय."

मी तिला सांगितलं, की स्वप्न वगैरे काही नव्हतं. मोटारीच्या पंख्यामागे दोरा अडकला होता, त्यानं चामड्याची चकती कापली होती आणि तेल गळत होतं. तो दोरा याच घाटावर, सकाळच्या उन्हात, बाहेर काढला होता.

तिच्या हातातली फुलं थांबली. "तुमास्नी कसं ठावं?"

"मी होतो तिथं. मी स्वतःच तर—"

"म्हंजे तुमी कप्तानास्नी बगितलंय?" ती उठून उभीच राहिली. डोळे मोठे झाले होते. डोक्यावर पदर घेऊन तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि घाटाच्या वरच्या अंगाला हाक मारली, "आवं आत्ती, हिकडं या लौकर! ह्यांनी कप्तानास्नी डोळ्यांनी बगितलंय!"

वरून माणसं यायला लागली. मी पायरीवर बसलो, चष्मा पुसला आणि त्यांना बसऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.